नाळेच्या दोन बरण्या

आमच्या बाईंच्या लक्षात माणसांची नावं राहायची नाहीत, आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती. लॅबमध्ये त्या सगळ्यांना गावानं हाक मारायच्या. चहा आणणारा तो पाटस, स्टोअर सांभाळणारा तो यवत, आणि मी दौंड. "दौंड, इकडं ये, हे झाकण कुणी उघडं ठेवलं?" असा आवाज आला की मी आधी पळायचे आणि पळता पळता मनातल्या मनात चार शिव्या हासडायचे. अहो, मी काय रेल्वे स्टेशन आहे का? पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यानं मागच्या अंगाला एक छोटी लॅब काढली होती. पुढं केमिकलचा वास, ट्रकची रांग, तीन शिफ्टचे भोंगे, आणि मागं आम्ही पाच-सहा जण पांढरे कोट घालून. बाळंतपण झाल्यावर नाळ आपल्याकडं पुरून टाकतात. ती नाळ आम्ही शिरूरच्या एका दवाखान्यातून, आईची परवानगी घेऊन, बर्फाच्या पेटीतून बरणीत आणायचो. तिच्यातून स्टेम सेल काढायच्या, म्हणजे मूलपेशी. कच्च्या पेशी म्हणा ना, ज्यांच्यापासून पुढं हाड होईल, कूर्चा होईल, काय काय होईल. बरणी उतरवून घेणं आणि काचेच्या चपट्या ताटांत पेशी वाढवणं माझं काम. त्या पेशींमधली कुठली जीन जागी आहे आणि कुठली झोपली आहे हे कॉम्प्युटरवर वाचणं बाईंचं. बायोइन्फर्मेटिक्स हा शब्द मी दौंडात कुणाला सांगितला की समोरचा विचारायचा, "म्हंजी सायबर कॅफे टाकला का?"

बाई मूळच्या शिरूरच्या, मिशन कंपाउंडमधल्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. बाईंनी लग्न केलं नाही. परदेशात शिकल्या, पुण्यात मोठ्या संस्थेत लागल्या आणि तिथं त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांचा एक शोधनिबंध छापून आला, वाहवा झाली, आणि वर्षभरानं त्यांनाच कळलं की आपल्या प्रोग्रॅमनं एक रकाना दोनदा मोजला होता. कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाईंनी स्वतः मासिकाला कळवलं. त्यांच्या साहेबांनी हात जोडले म्हणे, पण ह्या कुठल्या ऐकायला! तिथून पत्ता कट झाला तो थेट आमच्या कुरकुंभात.

काम चालू असलं की त्या देवळातली, म्हणजे त्यांच्या चर्चमधली, गाणी गुणगुणायच्या. कॉम्प्युटर रात्रंदिवस आकडे दळत असायचा आणि ह्या शेजारी बसून हळू आवाजात गात. गाणं थांबलं की आम्ही सगळे माना खाली घालून कामाला लागायचो. गाणं थांबणं म्हणजे काहीतरी सापडलेलं असायचं, आणि ते कुणाच्या तरी अंगाशी येणार असायचं.

नवीन माणूस आला की बाईंची उलटतपासणी ठरलेली. "कुणाची तू? आजोळ कुठलं? आजी कुठली?" पेशींनाही तेच. नवीन पेशींचे आकडे आले की आधी त्यांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम चालवायच्या. त्याचं नाव त्यांनी 'कुणाची' ठेवलं होतं. पेशी मुलाच्या की मुलीच्या एवढंच तो सांगायचा, पण तेवढ्यावर त्यांनी किती तरी जणांच्या चुका पकडल्या होत्या. आम्ही त्यांना पाठीमागं पोलीस पाटलीण म्हणायचो.

आणि पकडलं की सोडायच्या नाहीत. बारामतीचा एक ट्रेनी होता, हुशार पोरगा. शंभर ठिपक्यांतला एक ठिपका आलेखावर वेडावाकडा येत होता, म्हणून त्यानं तो हळूच खोडला. बाईंचं गाणं थांबलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. "बारामती, काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग." सांगितलं त्यानं. त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं. मी त्या दिवशी जेवले नाही. मला वाटलं, बाईच्या जातीनं एवढं कठोर होऊ नये. आता कुणी असं म्हटलं तर मी भांडेन, पण तेव्हा वाटलं खरं.

मग ती दोन ताटं आली.

बहुतेक नाळांच्या पेशी काही दिवस वाढतात आणि मग दमतात, वाढायच्या थांबतात. पण शिरूरहून लागोपाठ दोन दिवशी आलेल्या दोन नाळा दमायलाच तयार नाहीत. एक मांडवगण फराट्याच्या मनीषाची, दुसरी तळेगाव ढमढेऱ्याच्या अर्चनाची. गावं वेगळी, आडनावं वेगळी, घरं वेगळी. आणि दोन्हींमध्ये जीनचा एकच घोळका जागा. एका नाळेत असतं तर योगायोग म्हणून सोडलं असतं. दोन अनोळखी घरांतल्या नाळांत तेच, म्हणजे काहीतरी हाताला लागलं होतं. बाई त्या महिन्यात मोठ्यानं गायला लागल्या. मुंबईच्या हेड ऑफिसला कळलं. तिथले लोक सोमवारी बघायला येणार, पसंत पडलं तर लॅब मोठी होणार, नाही तर बंद होणार, असं आमच्या जनरल मॅनेजर साहेबांनी सांगून टाकलं. "फक्त दोन्ही नाळा वेगळ्या घरच्या आहेत याची पक्की तपासणी पुण्यातून करून घ्या," एवढंच हेड ऑफिसचं म्हणणं. बाईंच्या प्रोग्रॅमनं दोन्ही पेशी मुलाच्या आहेत एवढं सांगितलं होतं. पुढची ओळख पटवायची सोय आमच्याकडं नव्हती.

शुक्रवारी पुण्याचा निकाल आला. गाणं थांबलं.

बाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"दौंड, दोन्ही ताटांत एकाच बाळाच्या पेशी आहेत. वेगळ्या नाहीत, भावाभावांच्या नाहीत, जुळ्यांच्या नाहीत. ते मी दवाखान्याकडून विचारून घेतलंय, त्या महिन्यात तिथं जुळं झालेलं नाही. एकच बाळ आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुझ्या एका ताटाला बुरशी लागली होती का?"

"न्हाई मॅडम."

"लागली असेल आणि तू ते फेकून दुसऱ्यातल्या पेशी त्यात भरल्या असतील, तर आत्ता सांग. असं लोक करतात. मी परदेशातही पाहिलंय."

अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या. मी कधी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी चढवला. "म्हंजी मी चोर? तीन वर्षं झाली, एक दिवस खाडा न्हाई माझा. पोरगी तापानं फणफणली होती तवासुद्धा ताटं बदलायला आले मी. आन् तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी चोर म्हटलं नाही. विचारलं."

"ज्या तोंडानं विचारलं त्या तोंडानं एकदा म्हणून टाका!"

त्या रागावल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. शांतपणे म्हणाल्या, "सोमवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. उत्तर नसेल तर जे दिसतंय ते मी सांगणार."

काय दिसत होतं ते मला चांगलं माहीत होतं. दोन्ही बरण्या माझ्या हातून उतरल्या, दोन्ही ताटं माझ्या हाताखाली. बारामतीच्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. तो गेला तर पुण्यात दुसरीकडं लागला. मी कुठं जाणार? नवऱ्याच्या उजव्या हातावर ॲसिड सांडलेलं, तो घरी बसलेला, घर माझ्या पगारावर. आणि सॅम्पलमध्ये हेराफेरी केली म्हणून काढलं असं एकदा झालं की त्या अख्ख्या एमआयडीसीत मला झाडू मारायलाही कुणी उभं केलं नसतं. नोकरी जाईल ते एक, आणि तोंड दाखवायला जागा राहणार नाही ते वेगळंच.

घरी मी जेवणाच्या ताटावर नुसती बसले. नवऱ्यानं काय केलं, तर माझ्या वडिलांना फोन केला. दौंडातच राहायचे ते, रेल्वेतून रिटायर झालेले. शनिवारी दुपारी लेक जेवत नाही म्हणून म्हातारा वडापच्या जीपमध्ये बसून थेट कारखान्याच्या गेटवर.

मी आत कामात. बाहेर आरडाओरडा ऐकू यायला लागला.

"विमल! विमल हाय का? माझी लेक हाय ती, पांढरा कोट घालती."

वॉचमन बिहारचा. "अरे बाबा, बोला ना, इधर कोई विमल-बिमल नहीं है."

"न्हाई कसं? रोज येती हितं! डब्बा घेऊन येती!"

"रजिस्टर में नाम ही नहीं है, बाबा. घर जाओ."

"मी काय येडा हाय का? माझी पोरगी मला ठाव न्हाई व्हय?"

बाई चहासाठी गेटजवळच्या कँटीनकडं चालल्या होत्या. त्या थांबल्या. मी धावत आले आणि म्हटलं, "आण्णा, अवो ओरडताय कशाला?" वॉचमन तोंडाचा आ करून माझ्याकडं बघतोय. "मॅडम, ये तो स्मिता मॅडम है. ये बाबा विमल बोल रहा है."

"विमलच हाय ती," आण्णा म्हणाले. "लग्नात स्मिता ठेवलं त्यांनी."

तसं आमच्याकडं सगळ्यांचंच असतं, त्यात सांगण्यासारखं काय? लग्न लागलं की तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहायचं. बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं, आडनाव त्यांचं, आणि स्वतःचं होतं तेही जातं. माझं लग्न कॉलेजात असताना झालं, त्यामुळं डिग्रीवर पण स्मिताच. माहेरी मात्र मी आजही विमल.

बाई गेटवरच उभ्या. चहा नाही, काही नाही. हातातला कप तिथल्याच कट्ट्यावर ठेवला.

"म्हणजे तू दोन आहेस," त्या म्हणाल्या.

"दोन कशी? एकच हाय की!"

"आमच्यात बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव मरेपर्यंत राहतं," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग एकदम, "उद्या रविवार. जीप सांग. आपण मांडवगणला जायचं."

रविवारी जीपमध्ये त्या पुढं आणि मी मागं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मांडवगणला घर सापडायला वेळ लागला नाही. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं घराणं, आता उसात आणि कांद्यात स्थिरावलेलं. ओसरीवर घोंगडी टाकून मनीषाच्या आईनं आम्हाला बसवलं.

"आमची मनीषा व्हय? ती कवाच सासरी गेली. पहिलं बाळातपण आमच्याकडंच झालं, शिरूरला. पोरगा झाला. तळेगावला दिलीया तिला."

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

तिथून तळेगाव ढमढेरे. सासू दारातच. बाईंनी विचारलं, "मनीषा इथंच राहते का?"

"मनीषा? न्हाई बा. आमच्यात कुणी मनीषा न्हाई."

आतून एक तरणी पोर पदर सावरत बाहेर आली, कडेवर गुटगुटीत पोरगं. स्वतःचं माहेरचं नाव ऐकून तिचं तोंड एवढं उजळलेलं की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "कोण आलंय, आई? मांडवगणचं हाय का कुणी?"

"ही आमची सून, अर्चना," सासू म्हणाली.

बाकी उलगडा तिच्या नवऱ्यानं केला. बाळंतपणाच्या दिवशी पोरीची आई दवाखान्यात होती, नर्सनं नाव विचारलं, तिनं मनीषा सांगितलं, गाव मांडवगण. नाळ मोठी, बरणी लहान. निम्मी नाळ बरणीत गेली आणि निम्मी फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी नर्स बदलली आणि तिनं उरलेली निम्मी दुसऱ्या बरणीत भरायला घेतली. "मी पेढं घिऊन गेलो तवा नव्या शिस्टरनं इचारलं, पेशंटचं नाव काय? मी म्हनलं अर्चना, तळेगाव. काय चुकलं का सायेब?"

"काहीच चुकलं नाही," बाई म्हणाल्या. मग त्या पोरीकडं वळल्या. "तुला कुठल्या नावानं हाक मारू?"

ती हसली. "कुठल्याबी मारा. हितं तर समदी पोराची आईच म्हंत्यात."

बाईंच्या सगळ्या आयुष्याचं काम त्या अंगणात बसलं, दोनाचं एक झालं, आणि सासू चहा केल्याशिवाय सोडेना. बाईंनी निमूट चहा घेतला. परत येताना माझी मान ताठ होती. मी चोर नाही हे सिद्ध झालं होतं. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, निदान चुकलं म्हणतील. छे! कुरकुंभचा वास नाकात शिरेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

माझी ताठ मान सोमवारी सकाळी खाली आली. मुंबईची माणसं यायच्या आधी मॅनेजर साहेबांनी बाईंना आणि मला केबिनमध्ये घेतलं. सगळं ऐकून घेतलं, डोकं धरलं, आणि मग हुशार माणसाला सुचतं ते त्यांना सुचलं.

"मॅडम, शोध गेला तो गेला. लॅब वाचवू. बरण्या आल्या तेव्हा तपासून घेणं ज्युनिअरचं काम होतं. लागोपाठ दोन दिवस, एकच दवाखाना, दोन्ही मुलगे. हिला शंका यायला पाहिजे होती. तुम्ही सांगा, नोंद घेताना हलगर्जी झाली, संबंधिताला काढलं, यापुढं काळजी घेऊ. ते लोक मान्य करतील. नाही तर म्हणतील प्रमुखालाच काम समजत नाही, आणि सगळ्यांनाच घरी पाठवतील."

चोरी गेली, आता हलगर्जी आली. आणि सगळ्यात वाईट काय, तर मला ते पटायला लागलं. खरंच शंका यायला नको होती का मला? माझी स्वतःची दोन नावं. मी पण बघितलं नाही. मी बाईंकडं बघत राहिले. त्या काहीतरी बोलतील, भांडतील. त्या फक्त म्हणाल्या, "बघते," आणि उठल्या.

मीटिंगमध्ये प्रोजेक्टर चालवायला मीच. मुंबईचे तीन जण, साहेब, आणि बाई पुढं उभ्या. पहिलंच चित्र लावलं आणि बाई म्हणाल्या, "हे बंद कर. हे चूक आहे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.

बाईंनी दोन नाळांचं एक बाळ कसं झालं ते सरळ सांगितलं. पाहुण्यांत एक म्हातारा होता, त्यानं चष्मा काढला. "मग चूक कुणाची?"

मी डोळे मिटले. खोटं नाही सांगत, त्या क्षणाला मी मनातल्या मनात दौंडात भाजीची गाडी लावून मोकळी झाले होते.

"माझी," बाई म्हणाल्या.

साहेब खुर्चीत हलले. "मॅडम, नोंद तर..."

"नोंद बरोबर आहे. बरणीवर जे नाव आलं ते हिनं अक्षरशः तसंच चढवलं. ती नावं दोन बायकांची आहेत हे हिनं ठरवलं नाही, मी ठरवलं. शोध माझ्या नावावर जाणार होता, तेव्हा त्या दोघींना जाऊन भेटणं माझं काम होतं. इथली बाई लग्नात नाव बदलते हे या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी शिरूरची. मी एकदाही विचारलं नाही."

"मग तुमच्या हातात आता आहे काय?"

"एक बाळ. एका बाळावर काही सिद्ध होत नाही."

म्हाताऱ्यानं चष्मा चढवला आणि साहेबांना विचारलं, जेवणाचं काय?

लॅब बंद झाली. पाटस, यवत सगळ्यांना कारखान्यात इकडंतिकडं घेतलं, मला क्वालिटी कंट्रोलमध्ये. माझ्या कागदावर कुठं डाग नाही. बाईंना मात्र राजीनामा द्यायला लावला. त्यांनी तो उभ्या उभ्या लिहून दिला म्हणे.

जायच्या दिवशी त्या हायवेवर वडापची वाट बघत उभ्या होत्या, हातात एक पिशवी. कारखान्यातून कुणी पोचवायला आलं नव्हतं. मी शिफ्ट मध्येच सोडून पळत गेले. चार दिवस ठरवून ठेवलेलं सगळं तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"बाई, तुम्ही माझी नोकरी वाचवली. माझ्यापायी तुमची घालवली. हे मी जन्मात विसरायची न्हाई."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुझ्यापायी? कुणी सांगितलं तुला? मी काही तुला वाचवायला उभी राहिले नव्हते. तुझी चूक असती तर तिथंच, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेतलं असतं."

वडाप आलं. दाटीवाटीत त्यांना कशीबशी जागा मिळाली. हातबित हलवणं त्यांच्या स्वभावात नव्हतंच. गाडी गेली आणि मी तिथं रस्त्याच्या कडेला ट्रकच्या धुळीत उभी राहून जे रडले, ते पोटातलं सगळं रिकामं होईपर्यंत रडले.

घरी गेल्यावर नवऱ्यानं डोळे बघून विचारलं, काय झालं? म्हटलं, "मी खरंच काही केलं नव्हतं."

"मला म्हाईत होतं की," तो म्हणाला. "आण्णांनापण म्हाईत होतं."

त्याला माहीत असणारच, तो नवरा आहे. आण्णा तर बाप. बाई माझ्या कुणीच नव्हत्या, त्यांनी तपासून सांगितलं.